बावन्न म्हणजे पंचवीस नव्हे

नातवाच्या दुसरीच्या वर्गात या आठवड्यात एक्कावन्न ते साठ हे अंक चालू आहेत. सोमवारी संध्याकाळी त्याने दप्तर कोपऱ्यात भिरकावले आणि 'उद्यापासून मी शाळेत जाणार नाही' असे जाहीर करून टाकले. अशा घोषणा आमच्या घरात पंधरवड्यातून एकदा होत असतात, त्यामुळे सूनबाईंनी पोळ्या लाटणे थांबवले नाही. मी मात्र, रिकामटेकडा माणूस, त्याची वही उघडून बसलो. बाईंनी मागेपुढे करून दहा अंक सांगितले होते आणि त्यांतले सहा चुकले होते. बावन्नचे २५, त्रेपन्नचे ३५, चोपन्नचे ४५, छप्पन्नचे ६५, सत्तावन्नचे ७५. एकोणसाठच्या जागी ६९. पंचावन्न तेवढे बरोबर होते. ते उलटे लिहिले तरी चुकणार कसे?

मी आयुष्यभर एका बँकेत रोखपाल होतो. संध्याकाळी ताळा जमेना की आमचे जुने हेडकॅशियर विचारायचे, 'फरक नवाने भागला जातो का बघा.' जात असेल तर समजायचे की कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली आहे. बावन्नच्या जागी पंचवीस लिहिले तर फरक येतो सत्तावीस. सत्तावन्नच्या जागी पंचाहत्तर लिहिले तर अठरा. एकाने तोंडी आकडा सांगायचा आणि दुसऱ्याने लिहायचा, तिथे ही चूक हमखास होई. पदवीधर, पगारी, चष्मा लावलेली माणसे हो आम्ही! तेव्हा वहीतली ती सहा लाल फुल्या पाहून मला राग आला नाही. एकोणसाठ वगळता बाकीच्या पाचही चुका नवाने भागल्या जात होत्या. पोरगा ढ नव्हता. त्याने जे ऐकले तेच, ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने, प्रामाणिकपणे लिहिले होते.

बुधवारी बाईंची परवानगी काढून मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. एक्कावन्न ते साठ हे सगळा वर्ग एका सुरात, डोलत डोलत, बिनचूक म्हणतो. छत हादरेल अशी ती गर्जना ऐकून कोणाही शिक्षणाधिकाऱ्याला धन्य वाटावे. पण मधलाच एखादा अंक एकट्याला विचारला की अर्धी मुले मनातल्या मनात एक्कावन्नपासून पुन्हा चढत येतात. ओठ हलताना दिसतात. त्यांना अंकांची चाल पाठ आहे, अंक ओळखीचा नाही.

वाचकहो, आपली अंकनावे एकदा त्रयस्थासारखी ऐकून पाहा. दोन हा आकडा बावीसमध्ये 'बा' होतो, बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे' आणि ब्याऐंशीत 'ब्या'. पन्नास पुढे गेला की कधी 'वन्न' तर कधी 'पन्न': बावन्न, पण त्रेपन्न, सत्तावन्न, पण छप्पन्न. एकोणसाठ म्हणताना साठ हा शब्द ऐकू येतो, आणि आकडा मात्र पन्नाशीतला. बरे, एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एक कमी'चा नियम पाळला म्हणावे तर नव्व्याण्णव तो मोडून मोकळा. त्यातून क्रम उलटा. आधी एकक उच्चारायचा, मग दशक. लिहिताना मात्र दशक आधी. गंमत अशी की शंभर ओलांडले की मराठीच सुलट होते. एकशे एक म्हणताना मोठा आकडा आधी येतो. पण एकशे पंचवीस म्हटले की शंभर, मग पाच, मग वीस! यामागे संस्कृत-प्राकृतापासून झिजत आलेला मोठा इतिहास आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण तो इतिहास सात वर्षांच्या मुलाने पेन्सिलीच्या टोकावर पेलायचा असतो, हे आपण विसरतो.

आमच्या सोलापुरात ही गोष्ट फार सहज दिसते. पूर्व भागात विणकरांची तेलुगू बोलणारी वस्ती पिढ्यान् पिढ्या आहे. नातवाच्या शेजारी बसणारा मुलगा त्यांपैकीच एका घरातला. बाईंनी 'बावन्न' म्हटल्यावर तो अडला. मी हळूच विचारले, 'घरी काय म्हणतात रे?' तो म्हणाला, 'याभै रेंडु.' म्हणजे पन्नास दोन. आणि बोलता बोलता त्याने ५२ लिहूनही टाकले. कानडीतही तसेच, तमिळ-मल्याळममध्येही तसेच.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. बावीसला 'वीस दोन', बावन्नला 'पन्नास दोन' असे वाचायला त्या पुस्तकाने सुचवले होते. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात, असे त्या शांतपणे सांगत होत्या. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत, हेही सांगत होत्या. ऐकतो कोण! तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावात 'वीस' असल्यामुळे विधानसभेतही विनोदाला ऊत आला. आणि मी? मी चौकातल्या कट्ट्यावर 'आता आमचे वय सत्तर नाही, सहा दहा दहा म्हणा' असल्या कोट्या करत होतो. मोबाइलवर आलेला प्रत्येक विनोद पुढे पाठवत होतो. पुस्तक मी पाहिलेले नव्हते. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांना एक पत्र लिहायला हवे होते, हे आता सुचते आहे.

तेव्हा आम्हाला वाटले, संस्कृती बुडाली. पण आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी म्हणून घेत. साडेतीनचा पाढा न आला तर छडी. १९५७ साली दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि हळूहळू ती सारी घोकंपट्टी शाळेतून निघून गेली. माझ्या मुलाला औटकी येत नाही म्हणून मी कधी अश्रू ढाळले नाहीत. आपण जे पाठ केले तेवढीच संस्कृती, असा प्रत्येक पिढीचा समज असावा.

नॉर्वेत १९५१ साली असाच बदल झाला. तिथेही 'एक आणि वीस' असे म्हणत. टेलिफोनचे नंबर सांगताना-ऐकताना घोटाळे होत, म्हणून टेलिफोन खात्याने आग्रह धरला आणि संसदेच्या निर्णयाने शाळेत व सरकारी व्यवहारात 'वीस एक' ही पद्धत आली. जुनी पद्धत काही मेली नाही. ती आजही लोकांच्या बोलण्यात आढळते. दोन्ही नांदतात, आणि नॉर्वेजियन भाषा जागच्या जागी आहे.

जुनी नावे जावीत असे माझे मुळीच म्हणणे नाही. छप्पन्न मसाले, बावन्नकशी सोने, बहात्तर रोगांवर एक औषध, ही भाषेची श्रीमंती आहे. पण ती पुस्तकामुळे जात नाही. आमच्याच गल्लीतल्या इंग्रजी शाळेतल्या मुलीला भाजीवालीने 'अडुसष्ट रुपये' सांगितले तर ती आईकडे पाहते, आणि आई 'सिक्स्टी एट' असा अनुवाद करते. २०१९ मध्ये मराठी वाचवायला निघालेल्या माझ्या कट्ट्यावरच्या मंडळींपैकी एकाचाही नातू मराठी शाळेत नव्हता. मुलाला गणितात लाल फुल्या मिळू लागल्या की आधी मुलगा गणिताला भितो, मग आईबाप माध्यमाला भितात.

बुधवारी रात्री झोप लागेना, तेव्हा आक्का आठवली. माझी थोरली बहीण. चौथीत तिला शाळेतून काढले. गुरुजींनी वडिलांना सांगितले होते, 'हिच्या डोक्यात आकडे शिरत नाहीत, घरात मदतीला घ्या.' वडिलांना तेवढे निमित्त पुरले. पुढे लग्न होऊन ती गावी गेली. ज्वारीची काढणी झाली की कडब्याच्या पेंढ्या मोजायला आक्काच उभी असे. 'तीन विसा नि बारा' म्हणायची, म्हणजे बहात्तर. दुधाचा रतीब, मजुरांचे पैसे, सगळे विसांत. व्यापाऱ्याने तिला एका पेंढीलाही कधी फसवले नाही. मी सुट्टीत गेलो की तिला चिडवायचो, 'अगं, बहात्तर म्हण की! अडाण्यासारखी विसा काय करतेस?' ती हसायची आणि पुढची पेंढी टाकायची.

तीन विसा नि बारा. मोठे आधी, धाकटे नंतर. जे पुस्तक मी हसून उडवले त्याची रीत आक्काने आपली आपण शोधली होती, नव्हे, तिच्या भोवतालच्या शाळा न पाहिलेल्या बायकांकडून उचलली होती. बावन्न म्हटल्यावर तिच्या पाटीवर पंचवीस उमटत असेल का, हे विचारायला आता ती नाही.

गुरुवारी बाईंनी माझ्या नातवाला पुढे बोलावले. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि सुट्या दोन काड्या त्याच्या हातात दिल्या. 'किती?' तो म्हणाला, 'पन्नास आणि दोन.' 'लिही.' त्याने ५२ लिहिले. 'आता याला आजी-आजोबा काय म्हणतात?' 'बावन्न!' मग सहा जुड्या घेऊन त्यांतली एक काडी काढून घेतली आणि एकोणसाठ दाखवले. साठातून एक गेला. त्यावर तो एवढ्या मोठ्याने 'हात्तिच्या!' म्हणाला की सगळा वर्ग हसला. बाईंनी हे कुठल्या पुस्तकातून घेतले ते मी विचारले नाही. पस्तीस मुलांचा वर्ग, त्यात रोज माहिती भरायचे तक्ते. एकेकाच्या हातात काड्या द्यायला त्या वेळ कुठून काढतात तेही विचारायचे राहिले.

शुक्रवारपासून एकसष्ट ते सत्तर सुरू झाले आहेत. सदुसष्ट आणि अडुसष्ट वाटेत दबा धरून बसलेले आहेतच. नातवाने सत्तर काड्या आणि सात रबर मागितले आहेत. सूनबाई सकाळपासून खराटा शोधत आहेत, आणि तो कुठे आहे हे मला आणि नातवाला दोघांनाही ठाऊक आहे.