फ्यूजच्या जागी तार : दोष चालकाचा की मालकाचा?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या बाजारांत कापडाचा धंदा करणारे आपले अनेक बांधव आहेत. भिवंडी-कल्याणहून माल भरायचा आणि किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई या बाजूंना गाडी न्यायची, हा त्यांचा क्रम. गाडीत लाखाचा माल असतो. परंतु त्याच गाडीची फ्यूजची डबी उघडून पाहिली तर कित्येकदा थोडक्या रुपयांत मिळणाऱ्या फ्यूजऐवजी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी खोचलेली आढळते. याविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण ही चूक आमच्याही गाडीत झाली आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमची गाडी किन्हवलीहून सरळगावकडे निघाली असता पुढच्या दिव्यांचा फ्यूज उडाला. चालकाने रस्त्यावरच तार टाकून घेतली. थोड्या अंतरावर डॅशबोर्डखालून धूर निघू लागला. त्याने प्रसंगावधान राखून बॅटरीची वायर काढली, म्हणून माल आणि माणूस दोन्ही वाचले. आम्ही त्याला रागावलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "शेठ, मागच्या वेळी गाडी दुरुस्तीला थांबवली, तर तुम्ही अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता." आम्ही निरुत्तर झालो.

फ्यूज म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला समजणे अवघड नाही. आपण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या उधारीला मर्यादा ठेवतो. मर्यादा ओलांडली की माल थांबवतो. वायरमधून ठरलेल्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की फ्यूजमधील बारीक पट्टी वितळते आणि वीज थांबते. तेथे जाड तार लावली की थांबवणारा कोणी उरत नाही; मग फ्यूजऐवजी वायरच तापते, तिचे आवरण पेटते आणि मागे कापडाच्या गाठी असतात. १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज बसवणे हाही त्याच जातीचा धोका आहे.

फ्यूज तपासण्याचे काम कठीण नाही. प्रथम चावी बंद करून काढावी. डबी बहुधा डॅशबोर्डखाली असते आणि दुसरी इंजिनाजवळ. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. फ्यूज चिमट्याने सरळ ओढून उजेडात धरावा. आतील पट्टी तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली तर तो उडालेला आहे. नवा फ्यूज त्याच अँपिअरचा हवा. पात्याच्या फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेले आहेत : १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज शाबूत असेल तर बल्ब, रिले किंवा जोडणी पाहावी. इंजिनाजवळचे बोल्टने आवळलेले मोठे फ्यूज मात्र कारागिराकडेच सोपवावेत.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा लावू नये. कोठे तरी शॉर्टसर्किट आहे, असे समजावे. गाडी उभी असताना उंदीर वायर कुरतडतात, पावसात जोडण्यांत पाणी शिरते, चार्जरच्या खाचेत नाणे पडते. काही वेळा दोष आपल्या हौसेचा असतो. १२ व्होल्टच्या गाडीत १०० वॅटचा एक बल्ब आठ अँपिअरहून अधिक वीज घेतो. ५५ वॅटचा साधारण साडेचार. मोठे बल्ब आणि मोठे हॉर्न त्याच जुन्या वायरीवर जोडले तर फ्यूज उडणारच. तो बिचारा आपले काम करतो, आणि आपण त्यालाच दोष देतो.

दिवे किंवा वायपर बंद असताना माळशेज वा कसारा घाटात गाडी घालू नये. बाजार बुडाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा भरेल. तार लावून "अल्लाह मालिक" म्हणणे याला तवक्कुल म्हणत नाहीत. आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गाडीतील उधारीचा माल ही अमानत आहे, आणि चालकाचा जीव ही त्याहून मोठी अमानत.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. प्रत्येक गाडीत योग्य आकड्यांचे दोन-दोन फ्यूज, चिमटा आणि बॅटरी ठेवा. फ्यूज कसा बदलायचा ते चालकाला एकदा दिवसाउजेडी दाखवा. आणि त्याला स्पष्ट सांगा की, बिघाडामुळे गाडी थांबवली तर पगार कापला जाणार नाही. आम्ही त्या दिवसापासून हा नियम केला आहे. तार चालकाच्या हाताने लागली होती, पण ती लावायला भाग पाडले ते आमच्या घाईने.