नाच बसवाल, पण बोलणार काय?

मे महिना आला की आमच्या माण तालुक्यात दोन ठिकाणी गर्दी उसळते. एक पाण्याच्या टँकरपाशी आणि दुसरी मंगल कार्यालयात! सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी, म्हणजे गलाईसाठी, देशभर पांगलेली माण-खटाव-आटपाडीकडची माणसं याच दिवसांत गावाकडे येतात आणि लग्नं उरकून घेतात. दहिवडी-म्हसवडच्या रस्त्यानं निघालात तर एका दिवसात पाच-सहा मांडव सहज दिसतील.

हल्ली या मांडवात एक नवीन प्रकार आलाय. नवरा-नवरीचा नाच! धुराचं मशीन सुरू होतं, दोघं ढगातून आल्यासारखी येतात आणि महिनाभर बसवलेल्या स्टेप्स करतात. त्याच्या आधी प्री-वेडिंग शूट झालेलं असतं. त्यात नवरदेव एका गुडघ्यावर बसून अंगठी पुढे करतो आणि विचारतो, "माझ्याशी लग्न करशील?" आता गंमत बघा. साखरपुडा होऊन महिना झालेला असतो, कार्यालयाचा ॲडव्हान्स दिलेला असतो, पत्रिका छापायला गेलेल्या असतात. आणि हा गडी आत्ता विचारतोय! ती बिचारी 'नाही' म्हणाली तर?

गावातली जाणती मंडळी म्हणतात, ही आपली संस्कृती नव्हे. मला हे काही पटत नाही. नाचाचं वावडं आपल्याला कधी होतं? आमच्याकडे धनगर बांधवांचा गजी ढोलावर असा रंगतो की बघणाऱ्याचे पाय थरथरतात. म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचं लग्न लागतं आणि मार्गशीर्षात रथ निघतो, ती देवाची वरातच मानतात. देव मिरवतो, मग माणसानं का मिरवू नये? शिवाय नवरीनं मान खाली घालून बसायचं, हा काळ फार जुना नाही. ती चारशे माणसांसमोर जोडीदाराचा हात धरून नाचत असेल तर मी टाळ्याच वाजवीन.

माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्याला 'पर्सनलाइज्ड' म्हणतात, पण त्यात पर्सनल काय असतं? गाणी तीच, स्टेप्स त्याच, ड्रोनसुद्धा त्याच कोनातून येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन एकदाच लिहून ठेवलंय, प्रत्येक लग्नात फक्त दोन नावं पॅरामीटर म्हणून पाठवायची. आउटपुट सगळीकडे सेम!

खरं म्हणजे आपलं असं काही करायची जागा आपल्या लग्नात आधीपासूनच आहे. पूर्वी घरातला एखादा हौशी मामा किंवा मास्तर खास त्या जोडप्यासाठी मंगलाष्टकं रचायचा. त्यात दोन्ही घरांची नावं गुंफायची, कागदावर छापून मांडवात वाटायची. आणि उखाणा? तोही आता पुस्तकातून पाठ करतात म्हणा, पण जागा तर तिथं आहे. माझ्या एका मावसबहिणीनं तिच्या लग्नात घेतलेला उखाणा ऐका :

दोन घागरींसाठी गेली सारी दुपार,
...रावांनी शब्द दिलाय, बी.एड.ला पाठवणार!

मांडवात आधी हशा पिकला, मग सासरेबुवा जरा गप्प झाले. पण शब्द चारचौघांत गेला होता. आता माघार घेणार कोण? ती आज शिक्षिका आहे. याला म्हणतात पर्सनल! त्याला ना धुराचं मशीन लागलं, ना कोरिओग्राफर.

आणि ही काही तिनंच काढलेली टूम नाही. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. त्यांच्या सत्यशोधक समाजानं पहिलं लग्न लावलं ते २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुरोहिताशिवाय. पुढे जोतीरावांनी अशा लग्नांसाठी मराठीत मंगलाष्टकं लिहिली. त्यात वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू बाईमाणसाच्या वाट्याला आलेला जाच सांगते आणि स्त्रीचे हक्क देण्याची शपथ घे, असं वराला बजावते. तो सर्वांदेखत शपथ घेतो. दीडशे वर्षांपूर्वीचा विचार आहे हा! तिथं प्रश्न मुलगी विचारतेय, उत्तर मुलाला द्यायचंय. आपल्या शूटमध्ये गुडघ्यावर बसलेल्या पठ्ठ्याला असा एखादा खरा प्रश्न कुणी विचारतं का?

खर्चाचं तर बोलायलाच नको. याच आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं १९४३ ते १९४६ च्या काळात 'गांधी लग्नं' लावली. हार घातले, चार शब्द बोलले, झालं लग्न. कारण उघड होतं. पोरीच्या लग्नापायी शेतकरी सावकाराच्या दारात जात होता. आज सावकाराच्या जागी पर्सनल लोन आलंय, एवढाच फरक. आणि तीन मिनिटांच्या नाचाचे हप्ते तीन वर्षं फेडायचे म्हणजे जरा जास्तच झालं की हो!

मग नाचायचंच नाही का? नाचा की! बिनधास्त नाचा. फक्त क्रम सरळ करा. विचारायचं ते सुपारी फुटायच्या आधी विचारा, कॅमेऱ्याशिवाय विचारा आणि समोरच्याला 'नाही' म्हणता येईल असं विचारा. लग्नानंतर तू नोकरी करणार का, आपण राहायचं कुठं, तुझ्या आई-वडिलांकडे कोण बघणार, माझ्या डोक्यावर एवढं कर्ज आहे, चालेल का? हे प्रश्न एखाद्या टपरीवर अर्ध्या कपात होतात. त्यातून जे ठरेल त्याच्या चार ओळी करा आणि मांडवात दोघांनीही म्हणा. उखाणा म्हणा, शपथ म्हणा, काय वाटेल ते नाव द्या. यमक जुळलं नाही तरी चालेल.

फायनल इयरच्या सबमिशनमध्ये कॉपी-पेस्ट चालतं, हे आपण सगळे जाणतो (सरांनी हे वाक्य वाचू नये). पण निदान स्वतःच्या लग्नात तरी ओरिजिनल काम द्यायला काय हरकत आहे? बघा, पटलं तर घ्या. नाहीतर अक्षता टाकायला आणि जेवायला आम्ही येणारच आहोत!