एकदा दिलेला होकार

कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावात दुकानदाराला सांगायचे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : "मांडून ठेवा." पिशवी उचलायची आणि चालू लागायचे. वहीत नावावर रक्कम चढते. पुढे उसाचे बिल जमा झाले किंवा द्राक्षाच्या व्यापाऱ्याने एकदाचे पैसे दिले की हिशेब चुकता. या व्यवहारात दुकानदाराजवळ आपले नाव असते, पण पैशाची पिशवी मात्र आपल्याच खिशात राहते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ओळखायची आता जी नवी रीत फोनवर आली आहे, तिच्यात नेमका इथेच फरक पडला आहे. नाव तर दुकानदाराकडे असतेच, पिशवीची एक दोरीही त्याच्या हाती गेली आहे.

तसे पाहिले तर आपोआप कपातीची या भागाला चांगली ओळख आहे. विकास सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून वळते होते. म्हैसाळ योजनेच्या पाणीपट्टीची वसुलीही कारखान्यांमार्फत बिलातून झालेली आहे. त्यावर कुरकुर पुष्कळ झाली, चावडीपासून मोर्चापर्यंत झाली. पण भांडायला कुठे जायचे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. सोसायटीचा सचिव गावातलाच, कारखान्याचे शेती ऑफिस माहितीतले आणि कपातीचा आकडा छापलेला कागद हातात. फोनवरच्या कपातीला असे तोंडच नाही.

ही नवी कपात चालते कशी? एखाद्या ॲपला आपण पैसे देतो, तेव्हा 'हे कार्ड जतन करायचे का?' असे विचारले जाते. आपण हो म्हणतो. दुकानाचा संगणक आणि पैसे वळते करणारी कंपनी यांच्यात एपीआय नावाची ठरावीक बोली असते. तिच्यातून पुढच्या वेळी निरोप जातो : हे गिऱ्हाईक, ही रक्कम, वसूल करा. पूर्वी दुकाने कार्डाचा अख्खा नंबरच साठवून ठेवत. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ते बंद केले. कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी यांच्याखेरीज कोणीही नंबर ठेवायचा नाही. दुकानाला मिळते ते टोकन, म्हणजे नंबराऐवजी दिलेली खूण, आणि एका दुकानाची खूण दुसऱ्या दुकानात चालत नाही. चोरीच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे.

कार्ड जतन केले म्हणून दुकानाला मनाला येईल तेव्हा पैसे ओढता येतात, असेही नाही. रोजच्या ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतोच. पण आपण 'मँडेट' दिले, म्हणजे दरमहा घेत जा असा कायमचा होकार दिला, की गोष्ट बदलते. पहिल्या वेळी ओटीपी किंवा पिन, पुढे काही नाही. ही सवलत आधी दोन हजार रुपयांपर्यंत होती, मग पाच हजार झाली आणि जून २०२२ मध्ये पंधरा हजार. म्युच्युअल फंड, विमा आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाखावर नेली गेली. २०२० साली युपीआयलाही ऑटोपे जोडले गेले, तेव्हा ज्याच्याकडे कार्ड नाही असा माणूसही या व्यवहारात आला.

या सोयीवर मी सरसकट टीका करणार नाही. हप्ता भरायचा राहून विम्याची पॉलिसी बंद पडली आणि नेमक्या त्याच काळात घरावर प्रसंग आला, असे आपल्याकडे घडत आले आहे. अशा ठिकाणी आपोआप जाणारा हप्ता हा आधार आहे. माझी तक्रार त्या दुसऱ्या जातीच्या होकाराबद्दल आहे. 'दोन रुपयांत सात दिवस पाहा' म्हणून एखादे सिनेमाचे किंवा अभ्यासाचे ॲप येते. घरातले पोर वडिलांच्या फोनवर पिन दाबते. आठव्या दिवसापासून दरमहा काही शे रुपये जाऊ लागतात आणि वडिलांना वाटते, बँकेनेच काहीतरी कापले. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या खात्यातून असे पाच महिने पैसे गेले. त्यांनी पासबुक भरून आणले, पण त्यातल्या इंग्रजी अक्षरांच्या तुकड्यांवरून काय कळणार?

अशा सापळ्याला कायद्याने नाव दिले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार जाहीर केले. वर्गणीचा सापळा हा त्यातलाच एक. सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात पाने, हा त्याचा ओळखीचा चेहरा. बंद करण्याचा हक्क मात्र गिऱ्हाइकाचा आहे. दिलेले मँडेट तो केव्हाही मागे घेऊ शकतो. युपीआय ॲपमधल्या ऑटोपे या जागी अशा होकारांची यादी असते, ती या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा वाचावी. (आमच्या घरी ती वाचली तेव्हा थोडे वादही झाले. असो.)

आपल्या भागातले काही तरुण बेदाणा आणि हळद थेट गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकतात, त्यांनाही एक सांगावेसे वाटते. गेल्या वर्षीचे गिऱ्हाईक यंदा पुन्हा आले, तर त्याला नाव-पत्ता पुन्हा टंकायला लावू नका, ती सोय जरूर द्या. पण दरमहा एक किलो बेदाणा पाठवण्याचा होकार त्याच्या नकळत, आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीतून घेऊ नका. गावच्या दुकानदाराची वही टिकली, कारण गिऱ्हाइकाने मागितली की तो ती उघडून दाखवत असे.

आता मुख्य मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमात एक फार शहाणपणाची अट आहे. मँडेटवरचे पैसे जाण्याआधी किमान २४ तास बँकेने गिऱ्हाइकाला कळवायचे : कोण घेणार, किती, कधी आणि कशासाठी. नको असेल तर तिथेच नकार देता यायला हवा. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये फास्टॅग आपोआप भरून घेण्याला या अटीतून सूट मिळाली, ते समजण्यासारखे आहे. पण बाकीच्या बाबतीत ती सूचना म्हणजे उंबऱ्यावरची शेवटची हाक आहे. ती हाक बहुधा इंग्रजीत येते, कर्जाच्या आणि लॉटरीच्या शंभर संदेशांच्या गर्दीत येते. शिवाय कित्येक घरांत खात्याला जोडलेला नंबर पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचा असतो.

बँकेच्या शाखेत गेलात तर पैसे काढायची स्लिप इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशी तीन भाषांत असते. छापील कागद प्रादेशिक भाषेतही असावा, हे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेले आहे. स्लिपवर तर माणूस स्वतःच्या हाताने, समजूनउमजून पैसे काढत असतो. त्याच्या पाठीमागे पैसे जाणार असतात, तेव्हाचा संदेश त्याच्या भाषेत नको का? खाते उघडताना 'संदेश कोणत्या भाषेत हवा?' एवढा एक रकाना भरून घ्यायचा आणि संदेशाच्या शेवटी 'नको असेल तर इथे दाबा' असे मराठीत लिहायचे. पंधरा हजार रुपये न विचारता वळते करणाऱ्या यंत्रणेला हे जड जाऊ नये.