रेल्वे भवन ते सांताक्रूझ

वाकोल्यातून सकाळी सांताक्रूझ स्टेशन गाठणाऱ्याला चिंता असते ती चुकणाऱ्या लोकलची, मंत्रालयाची नव्हे. तरीही या अंकाचा विषय आम्ही रेल्वे मंत्रालयाचा इतिहास हाच घेतला आहे. कारण लोकलचं भाडं दिल्लीच्या रेल्वे भवनात ठरतं आणि २०१७पासून रेल्वेचा संसदेत वेगळा अर्थसंकल्पही मांडला जात नाही. अ‍ॅक्वर्थ समितीच्या शिफारशीवरून १९२४ साली सुरू झालेली ती प्रथा २०१६मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या भाषणाने संपली.

रेल्वे बोर्ड १९०५चं, पश्चिम आणि मध्य रेल्वे १९५१च्या. पण सनावळीपेक्षा आम्हाला माणसं अधिक महत्त्वाची वाटली.

मधु दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम आला तो त्यांच्या काळात. रात्रभर फळीवर पाठ शेकलेल्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको! ज्या राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं, त्यानेच पुढे प्रभूंनाही निवडून दिलं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि १९९८मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. गणपतीला गावी जाणाऱ्या आपल्या वस्त्यांचा संबंध इथे थेट येतो.

पुढच्या पानांवर मंत्र्यांचे गुणगान नाही. निर्णय कसे झाले आणि फलाटापर्यंत कसे पोहोचले, याचा शोध आहे. तुमच्या घरात जुने पास, तिकिटं, आठवणी असतील, तर आम्हाला जरूर कळवा. मतभेद असतील तर आधी कळवा.