वीतभर इलिश

बंगाली घरात लहान मुलाला लाडाने ‘खोका’ म्हणतात. कोलकात्यातल्या बेहालाच्या बाजारात त्याच नावाने मासा विकला जातो, खोका इलिश. आपल्याकडे पाला म्हणतात त्या माशाचे हे पोर. पोर आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्यालाही. नावच ते सांगते.

पश्चिम बंगालात २३ सेंटीमीटरहून लहान इलिश पकडायला आणि विकायला बंदी आहे. माप लांबीचे असले, तरी ती वय पाहून घातलेली आहे. इलिश समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला त्याला नदी लागते. पावसाळ्यात हुगळीला गढूळ लोंढा आला की तो प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. एक मोठी मादी दहा-वीस लाख अंडी घालते. पिल्ले काही महिने गोड्या पाण्यात काढतात आणि समुद्राची वाट धरतात. बारीक आसाची जाळी नेमकी त्या वाटेवर लागतात. एकदाही अंडी न घातलेला मासा मग डायमंड हार्बर रोडने बेहालात येतो.

इलिश कमी झाला की सगळ्यांचे बोट गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्याकडे जाते. ते खरेच आहे. १९७५ साली तो बंधारा सुरू झाला आणि अलाहाबाद-आग्र्यापर्यंत जाणाऱ्या माशाची वाट अडली. पण जाळ्याचा आस फरक्क्याने लहान केलेला नाही.

पूर्व बंगालातून आलेल्या अनेक घरांत एक जुना नेम होता. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर इलिश बंद, तो थेट सरस्वतीपूजेला चुलीवर चढायचा. याच महिन्यांत पिल्ले नदीत वाढतात. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात होडी न लोटणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे समजावून सांगायला नको. त्या नेमाला ना दंड होता, ना पहारेकरी. घरातली बाईच तो पाळायची आणि पाळायला लावायची. आता बर्फातला इलिश बारा महिने मिळतो, आणि नेमाची जागा सरकारी कागदाने घेतली आहे. कागद बाजारात उभा राहत नाही. तिथे गिऱ्हाईक उभे असते.

२३ सेंटीमीटर म्हणजे नऊ इंच, म्हणजे एक वीत. बंगालीत बिघत. हे माप प्रत्येकाच्या हातातच आहे. बेहालात असा वा ठाण्यात, मासा घेण्याआधी त्यावर वीत ठेवा. वीत मोठी भरली, तर घेऊ नका.