स्कूबाचा ब्रँड आणि आलापल्लीचा मेकॅनिक

विषय वाचून हसू आलं असेल तर आधी हसून घ्या. तारकर्ली इथून हजारेक किलोमीटर, अवतीभवती सागवान आणि कोळसा, आणि हा बाबा स्कूबा डायव्हिंगच्या सामानावर लेख लिहितोय! पण मित्रांनो, आपल्या होस्टेलचे काही पोट्टे तारकर्लीला एक डुबकी मारून आले, दोघांनी पुदुच्चेरीला जाऊन रीतसर कोर्स केला (बल्लारशाहला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी चेन्नई, आपल्याला कोकणापेक्षा तेच सोपं), आणि तेव्हापासून मेसमध्ये एकच वाद चालू आहे. स्कूबाप्रो भारी की मारेस? क्रेसी घ्यावं की अॅक्वालंग? पल्सर की स्प्लेंडर या वादानंतर इतका जोर मी दुसऱ्या कशात पाहिला नाही.

माझं मत सरळ आहे. नव्या डायव्हरनं ब्रँड सगळ्यात शेवटी बघावा. आधी विचारावं, हे उघडून दुरुस्त कोण करणार, आणि कुठे?

खरं तर आपल्या भागातल्या माणसाला हे सांगायची गरज पडू नये. भामरागडला जायचं तर आपण कोणती गाडी काढतो? जिचा पार्ट आलापल्लीत मिळतो ती. शोरूममध्ये ती कितीही साधी दिसो, जंगलात बंद पडली तर कोणीतरी पाना घेऊन उभा राहतो. रेग्युलेटरचंही तसंच आहे, फक्त तो बंद पडला तर रस्त्याच्या कडेला बसून वाट बघता येत नाही.

मेकॅनिकलवाल्यांनी याकडे जरा व्हायवाच्या नजरेनं बघावं. सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाची. पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतक्यावर आणतो, आणि तोंडातला दुसरा टप्पा श्वास ओढला की भोवतालच्या दाबाची हवा देतो. म्हणजे दोन पायऱ्यांचा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, बस! १९४३ मध्ये फ्रान्समध्ये एमिल गान्यां या इंजिनिअरनं कूस्तोसाठी तो बनवला, तोही युद्धातल्या पेट्रोलटंचाईत गाड्या गॅसवर चालवायच्या व्हॉल्व्हवरून. पिस्टन की डायफ्राम हा फरक आहे, पण आज नामांकित कंपनीचा, ईएन २५० हे युरोपियन मानक पास केलेला कुठलाही रेग्युलेटर आपल्या १८ मीटरच्या मर्यादेत व्यवस्थित हवा देतो. महागड्या मॉडेलमध्ये गोठू नये म्हणून जी सीलबंद रचना असते, ती १० अंशांखालच्या पाण्यात कामाची. आपला समुद्र कोमट. तेवढ्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

आणि ब्रँडची निष्ठा तरी कोणाशी? गान्यां ज्या एअर लिक्विड कंपनीत होता, तिनं अॅक्वालंग २०१६ मध्ये विकून टाकली. पुढे २०२५ मध्ये ती हेड समूहाकडे गेली, आणि मारेसही त्याच समूहाची. मेसमध्ये ज्या दोन नावांवरून दोघं एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हते, ती आता एकाच घरात नांदतायत.

आता मुद्दा सर्व्हिसिंगचा. कंपन्या साधारण दरवर्षी तपासणी आणि एक-दोन वर्षांनी किंवा शंभरेक डाइव्हनंतर पूर्ण सर्व्हिसिंग सांगतात. आतले ओ-रिंग, सीट बदलावे लागतात. त्यासाठी त्या कंपनीचा किट आणि शिकलेला माणूस लागतो. वर्षातून चार डाइव्ह मारणारा म्हणेल, माझा तर नवाच आहे. पण रबर वापरानंच खराब होतं असं कोणी सांगितलं? चंद्रपूरच्या मे महिन्यात, स्लॅबखालच्या खोलीत, ट्रंकेत पडलेल्या ओ-रिंगचं काय होत असेल याचा विचार करा. म्हणून जिथे डाइव्ह करायला जाणार त्या सेंटरला आधी फोन करा. तुम्ही कोणत्या कंपनीचं सामान स्वतः उघडता, आणि सिलिंडरला योक लागतो की डिन? उत्तर येईल तो तुमचा ब्रँड. तोवर रेग्युलेटर आणि जॅकेट भाड्यानं घ्या, पण शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली हे बेधडक विचारा. सर्व्हिसिंगची नोंद नसलेला सेकंडहँड तुकडा स्वस्त आहे म्हणून कोणी आणत असेल तर त्याला खोलीत कोंडून ठेवा.

स्वतःचा घ्यावा तो मास्क. त्यात तर ब्रँडला काडीची किंमत नाही, चेहऱ्याला आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास ओढून धरा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसऱ्याचा. मिशीवाल्यांना थोडा त्रास होतो, त्याला इलाज नाही. चष्मेवाल्यांसाठी नंबरच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका. सिलिंडर आणून इथेच, इरई धरणात किंवा बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या डबक्यात, प्रॅक्टिस करू असा एक प्लॅन माझ्या कानावर आला. भरणार कुठून? टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा, आणि त्याच्या हवेत तेलाची वाफ असते. इंजिनावर चालणारा असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइडही. वर ही हवा खाली जास्त दाबानं फुप्फुसात जाते, दहा मीटरवर दुप्पट. खाणीच्या डबक्याला उतार नसतो, काठ सुटला की सरळ खोल, आणि गढूळ पाण्यात हात दिसत नाही. (ताडोबाच्या तलावाचं नाव काढणाऱ्याला एवढंच सांगतो, तिथे मगरी आहेत.) वैनगंगेत कोणी बुडालं की आधी हाक जाते ती ढीवर बांधवांना. त्यांच्याकडे ना मास्क, ना कंपनी. पाणी ओळखतात ते.

म्हणूनच जिमखान्यानं साहसी खेळांच्या पैशातून दोन पूर्ण सेट घ्यावेत या प्रस्तावाला माझा विरोध आहे. ते सेट वर्षभर कपाटात राहतील आणि पुढच्या बॅचला त्यांची सर्व्हिसिंग कधी झाली हे कोणी सांगू शकणार नाही. त्याच पैशात मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स बऱ्याच जणांना पुरतील, आणि उरलेल्यात शहरातल्या स्विमिंग पूलची फी भरता येईल. कारण आपल्यातल्या निम्म्या पोट्ट्यांना अजून धड पोहता येत नाही, हे सरांनाही माहीत आहे. नावं सेक्रेटरीकडे द्या. चष्मा असेल तर पुढे नंबर लिहा.