जंगलाचा हिशेब

रमज़ान जवळ आला की घराघरांत ज़कातचा हिशेब सुरू होतो. दागिने नुसत्या अंदाजाने मोजून चालत नाही, तराजूवर ठेवावे लागतात. हवामानबदलाच्या प्रश्नातही आज जगाला अशाच तराजूची गरज आहे.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. त्यातला साधारण निम्मा जंगले, जमीन आणि समुद्र मिळून शोषून घेतात. उरलेला हवेत साठून उष्णता अडवतो. 2015 च्या पॅरिस करारानुसार देशांनी हा जमाखर्च सादर करायचा असतो. किती इंधन जाळले, हे मोजणे त्यामानाने सोपे; पण जंगलाने किती कार्बन घेतला, हे कसे कळणार?

ब्राझीलच्या शास्त्रज्ञ लुसियाना गत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅमेझॉनवर ते मोजले. 2010 ते 2018 या काळात चार ठिकाणी लहान विमानाने 590 फेऱ्या झाल्या. सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवरून 300 मीटरपर्यंत उतरताना टप्प्याटप्प्याने बाटल्यांत हवा भरली जाई. अटलांटिक समुद्रावरून येणारा वारा जंगलावरून पश्चिमेकडे वाहतो. समुद्राकडच्या आणि जंगलावरच्या हवेतला फरक पाहिला की जंगलाने कार्बन घेतला की सोडला, ते समजते. त्यात आगीचा वाटा किती, हे कार्बन मोनॉक्साइडवरून काढले जाते.

2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अ‍ॅमेझॉनचा आग्नेय भाग शोषतो त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतो. तिथे जंगलतोड जास्त झाली आहे, आगी लागतात आणि कोरडा ऋतू अधिक तापू लागला आहे.

झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात, हे आम्ही वर्गात शिकवतो आणि ते खरेच आहे. पण झाड जळले, कुजले, तर साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. म्हणून नकाशावर जंगल हिरवे दिसले, एवढ्यावरून ते जमेच्या बाजूला लिहिता येत नाही. तोड आणि आग आधी कुठे थांबवायची, हे सरकारांना मोजणीवरूनच ठरवता येईल.

झाड लावणे हा सदका आहे, हे आपण मुलांना सांगतोच. लावलेले जगले का आणि उभे असलेले कुणी तोडत नाही ना, हेही त्यांना पाहायला शिकवू या. सूरह रहमानमध्ये आकाशासोबत मीज़ानचा उल्लेख आहे. तोलात कसूर करू नये, ही ताकीद सोन्याइतकीच हवेलाही लागू आहे, असे आम्हाला वाटते.